पाच बोटांचं पान

माझ्या हाताला गुण आहे. मी नुसती काठी रोवली तरी तिला पालवी फुटते! असं मी सौदीतल्या अल खफजीच्या कॅम्पात सगळ्यांना सांगत असे. कुणी कधी काठी आणून दिली नाही, म्हणून अब्रू शाबूत होती.

साल सत्त्याहत्तर. समुद्रातून तेल उपसायचं काम जोरात होतं आणि आमच्यासारखे फिटर, वेल्डर विमानं भरभरून येत होते. पगार बरा, खोलीला एसी, पण मेसमध्ये हिरवी म्हणून एकच गोष्ट, भिंतीचा रंग! आमचा खानसामा मोहियुद्दीन रत्नागिरीकडचा. हाताला चव होती त्याच्या, नाही कोण म्हणतो? पण रोज कोंबडी खाऊन खाऊन मला पहाटे आरवावंसं वाटायला लागलं होतं.

अशात माझा खोलीसोबती भिकू रजेवरून परत आला आणि बियांची एक पुडी माझ्या हातात ठेवली. “आईनं दिलीय. अंबाडी हाय. तुझ्या हाताला गुण हाय म्हणतोस न्हवं? लाव!”

आता अंबाडीची भाजी मी जन्मापासून खात आलोय. पण ताटात! झाडावर ती कशी दिसते हे बघायचा योग आला नव्हता. आमच्या वडिलांचं कराडात शिंप्याचं दुकान. पण हे कॅम्पात सांगायची काय गरज?

डालड्याच्या डब्यांना बुडाशी भोकं पाडली. वाळूत मेसमधली चहाची पूड आणि कुजवलेली सालं मिसळली. खोलीमागे एसीचं पाणी थेंब थेंब गळायचं, ते बादलीत धरलं. दुधाच्या डब्याला बारीक भोकं पाडून झारी केली. ड्यूटीवर जाण्याआधी पाणी, आल्यावर पाणी. ऊन लागू नये म्हणून माझा जुना बॉयलर सूट वर मांडवासारखा ताणला. कोंब आले तेव्हा मी खोलीत पेढ्यांऐवजी खजूर वाटले!

भिकू म्हणाला, “एवढी सेवा विद्यावहिनींची केलीस तरी बास!”

विद्या म्हणजे माझी होणारी बायको. वैशाखात लग्न, पुढच्या आठवड्यात माझी रजा. दोन वर्षं वाट बघून मिळालेली! फक्त कॅम्प बॉस इद्रिसची सही राहिली होती. हा इद्रिस सुदानचा, ताडमाड माणूस. त्याला हसताना कुणी पाहिलं नव्हतं. सगळ्यांचे पासपोर्ट त्याच्या कपाटात. म्हणजे माझं लग्नच त्याच्या कपाटात!

आणि मग रोपांनी रंग दाखवला. पहिली पानं गोलसर, गुणी होती. पुढची आली ती फाटकी! तीन बोटं, मग पाच बोटं, कडेला कातरे. मला वाटलं, खताचा गुण.

शुक्रवारी सुट्टी होती. मोहियुद्दीन सालं टाकायला मागे आला आणि त्याच्या हातातलं घमेलंच पडलं.

“मेल्या बाळाराम! हे काय लावलंस?”

“अंबाडी.”

“कसली अंबाडी? मुंबईच्या गोदीत माझी उमर गेली. पाच बोटांचं पान म्हणजे गांजा!”

“आणि हे लाल देठ?”

“लाल? म्हणजे जहाल जात असणार!”

या मुलुखात गांजा सापडला तर काय होतं ते आम्ही सगळे ऐकून होतो, आणि ते ऐकल्यावर कुणी जेवत नसे. मी भिकूला आत ओढलं. “बी आईनंच दिलं ना?”

“मी नुसती भाजी खातोय, लावती आई. बी आईनंच दिलं. म्हंजे पुड्या दोन होत्या.”

“दोन?”

“एक आईची, एक सासऱ्यांची. सासरे म्हणाले, तिकडं करमलं न्हाई तर लाव. मी भीतीनं एक पुडी मुंबईतच टाकली.”

“कुणाची टाकलीस?”

“सासऱ्यांची.”

“नक्की?”

“नक्की! ... बहुतेक.”

भिकूचे सासरे भजनी. टाळ हातात घ्यायच्या आधी चिलीम हातात घ्यायचे. मला विद्या दिसली, मुंडावळ्या बांधलेली, शेजारी दुसराच नवरा!

मोहियुद्दीन म्हणाला, “अंबाडी आंबट असते रे. एक पान चावून बघ की!”

“तूच चाव.”

“मी? मी पाच वक्ताचा नमाजी!”

“भिकू, तू?”

“मला बिडीनंसुदिक गरगरतंय.”

“आणि मी चावू? माझं लग्न आहे!”

तर कुणीच चावलं नाही. त्यातच बातमी आली, इद्रिस आज खोल्या तपासणार! आता जाळावं तर धूर निघेल आणि सगळा कॅम्प डोलायला लागेल. पुरावं तर वाळू वाऱ्यानं उडते, आज पुरलं की उद्या उघडं. शेवटी भिकूला बुद्धी सुचली. “बकरी!”

इद्रिसची एक बकरी कॅम्पात मोकळी हिंडायची. तिला मागे आणली. एक डबा पुढे ठेवला. तिनं अख्खी रोपं कराकरा खाल्ली, आमच्याकडे बघितलं, आणि एकदम उडी मारून पाण्याच्या टाकीवर चढली! तिथून ओरडायला लागली.

“चढली रे चढली!” मोहियुद्दीननं कपाळावर हात मारला.

“ती रोजच चढते,” भिकू म्हणाला.

“पण रोज अशी बघते का?”

आम्ही तिघं तिच्या डोळ्यांत बघत राहिलो. बकरीचा डोळा नशेत कसा दिसतो आणि शुद्धीत कसा, हे आम्हा तिघांपैकी एकालाही माहीत नव्हतं. नुसतं तिच्याकडे बघून मलाच गरगरायला लागलं.

तेवढ्यात पाठीमागून आवाज आला. “क्या मुश्किल?”

इद्रिस! त्यानं आधी बकरी पाहिली. मग तिच्या तोंडातून लोंबणारं पान. मग बॉयलर सुटाखालची डब्यांची रांग. चेहरा दगड!

“ये किसका?”

मोहियुद्दीन म्हणाला, “मैं किचनवाला!” आणि दोन पावलं मागे सरला. भिकूनं प्रामाणिकपणे माझ्याकडे बोट दाखवलं. मी तर धाय मोकलून रडायलाच लागलो. “साब, मेरा शादी है! मेरे को कुछ मालूम नहीं! बी इसके ससुर का है!”

इद्रिसनं एक पान तोडलं. हुंगलं. आणि तोंडात घातलं! तो चावत होता आणि आम्ही तिघं त्याच्या गुडघ्यांकडे बघत होतो, आता वाकतील, मग वाकतील.

गुडघे वाकले नाहीत. डोळे मात्र भरले.

“करकदे!” तो ओरडला. “खट्टा! करकदे! सुदान, मेरा माँ का खेत, सब करकदे! लाल फूल, लाल शरबत!” आणि त्यानं मला असं कवटाळलं की माझ्या बरगड्या वाजल्या. चक्क हसला माणूस!

मी एक पान तोंडात टाकलं. आंबट! आईच्या हातच्या भाजीसारखं आंबट! त्याचं करकदे म्हणजे आमची अंबाडीच! गांजा नाही, तुरुंग नाही, वैशाखात लग्न! मी भिकूला मिठी मारली, मोहियुद्दीनला मिठी मारली, बकरीलाही मारणार होतो.

इद्रिस डब्यांवरून हात फिरवत होता. झारी पाहिली, मांडव पाहिला. “पानी कौन दिया?”

“बाळाराम!” भिकू अभिमानानं म्हणाला. “उसका हाथ में गुण है! लकडी लगाया तो भी पत्ता आता है!”

“फूल कब?”

“दिवाळी के आसपास,” मी ठोकून दिलं.

इद्रिसनं मान डोलावली. खिशातून माझ्या रजेचा कागद काढला आणि परत खिशात घातला. “बालाराम छुट्टी, खलास. दूसरा आदमी पानी देगा, सब मर जाएगा. पहले फूल, बाद में शादी.”

“साब, मैं किसान नहीं! मेरा बाप दर्जी है!”

“झूठ मत बोलो,” तो प्रेमानं म्हणाला.

लग्न तुळशीच्या लग्नानंतर झालं. मध्ये माझ्या सासरेबुवांची जी पत्रं आली, ती इथं छापण्यासारखी नाहीत. मांडवात बायका उखाण्यासाठी हटून बसल्या, तेव्हा विद्यानं पदर सावरला आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

“वाळवंटात अंबाडी, तिला घातलं पाणी,
बाळारामरावांची पहिली अंबाडी, दुसरी मी राणी!”

मांडव कोसळायचा बाकी राहिला. पंगतीत वाढपी माझ्यापुढे वाकून म्हणाला, “जावईबापू, अंबाडीची भाजी वाढू?”

वाढ म्हणालो हो, आवडीची भाजी! फक्त सवयीनं आधी मागे वळून बघितलं, कोणी येत नाही ना.