गाडीतला साहेब

डिंपलच्या लग्नाला एकच दिवस उरला होता. मांडव उभा होता, दोनशे घरं केशोरीत जेवायला येणार होती आणि आचाऱ्याचा पत्ता नव्हता. तिच्या बापाच्या, खेमराजच्या दारात मात्र त्याची जुनी पांढरी गाडी काळ्या काचा मिरवत उभी होती. ही सगळी त्याच्या मेहुण्याची, गुड्डूची कृपा. गुड्डूचं गोंदियात गाड्या सजवायचं दुकान होतं. मे महिन्याच्या उन्हात भाची कोमेजू नये म्हणून तो फिल्मचा गुंडाळा घेऊनच लग्नाला आला आणि सकाळी सकाळी काचांना चिकटवून मोकळा झाला.

"जिजाजी, अंदरून तुमाले सारं दिसन, बाहेरच्याले काईच दिसणार नाई. फकत तीन दिवस काचा खाली करू नोका. फिल्म ओली हाय."

"पण असल्या काचेले पोलीस पकडतेत ना?"

"लग्नाच्या गाडीले कोन पकडते? टेन्शन मत लो!"

खेमराजची आई धुरपताबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "आचारी नाई आला त उद्या वरातीले का वाढशीन? फिल्म?"

सेवकराम आचारी जंगलाकडच्या टोलीवर, म्हणजे छोट्या वस्तीवर राहायचा. सकाळची एसटी त्याला न घेताच आली होती आणि टोलीवर फोन लागत नव्हता. खेमराजने चावी उचलली.

वाटेत जंगलखात्याचा नाका होता. वनरक्षक रामलाल झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते. काळ्या काचेची गाडी दिसताच ते ताडकन उठले, टोपी चढवली, रस्त्यावरचा आडवा दांडा वर केला आणि खाडकन सलाम ठोकला. खेमराजला पन्नास वर्षांत कोणी सलाम केला नव्हता. थांबून खरं सांगावं असं त्याच्या मनात आलं, पण काच खाली करायची मनाई होती. आणि खोटं कशाला बोला, त्याला बरंही वाटलं. हलकेच हॉर्न वाजवून तो पुढे निघाला.

टोलीवर सलामाचा दुसरा अंक झाला. सेवकरामने लग्नाच्या चुलीसाठी जंगलातून वाळली लाकडं आणून अंगणात रचली होती. ती न्यायला बैलगाडी मिळेना, म्हणूनच त्याची एसटी हुकली होती. लाकडं जरा जास्तच झाली होती, हे त्यालाही ठाऊक होतं. काळ्या काचेची गाडी पाहताच तो जो पळाला, तो थेट मोहाच्या झाडावर.

खेमराज गाडीतून उतरला तर दारात सेवकरामची बायको प्रेमिला उभी. "घरी कोनी नाई," ती म्हणाली आणि झाडाकडे बघू लागली.

"सेवकरामभाऊ, मी खेमराज! काऊन पळून राहिला?"

"तुमी दिसून राहिले, भाऊ," झाडावरून आवाज आला. "पन गाडीतल्या सायबाले मी नाई भेटत. लाकडं वापस नेऊन टाकतो म्हना!"

"गाडीत सायेब नाई!"

"मंग दरवाजे उघडा."

खेमराजने तीन दरवाजे उघडले. मागचा डावा दरवाजा पहिल्या मालकापासूनच अडकलेला होता.

"तोच काऊन नाई उघडत? सायेबानं आतून धरून ठेवला हाय!"

खेमराजने तो दरवाजा पुन्हा ओढून पाहिला. आचारी नाही म्हणजे उद्या पोरीच्या सासरचे उपाशी उठणार. त्याने मनातल्या मनात गुड्डूची माफी मागून त्या दाराची काच खाली केली. अर्ध्यावर ओली फिल्म गोळा होऊन रबरात अडकली, काच वर जाईना की खाली. प्रेमिला सगळं बघत होती. तिने पदर खोचला, नखाने टोक पकडलं आणि फिल्म सर्रकन ओढून काढली. काच सुटली.

"आता तो मागच्या काचेमागं सरकला असन," झाडावरून सूचना आली.

प्रेमिलाने नवऱ्याला एक शिवी हासडली आणि कोमट पाण्यात साबण कालवून आणला. अर्ध्या तासात दोघांनी सगळ्या काचा सोलून काढल्या. सेवकरामने झाडावरून डोळे बारीक करून पाहिलं.

"अरे बापा! गाडीतून माझं घर दिसून राहिलं!" म्हणत तो खाली उतरला.

खेमराजने प्रेमिलाला हातच जोडले. "वहिनी, तुमी नसत्या त माझी पोर उद्या रडली असती. तुमीबी या लग्नाले." लाकडं तिथेच ठेवून, झारे-सराटे घेऊन खेमराज आणि सेवकराम निघाले. खेमराजच्या बांधावरची बाभूळ चुलीला पुरणार होती.

नाक्यावर दांडा खाली होता. सेवकराम सीटखाली सरकत कुजबुजला, "भाऊ, ते काळं कायले काढलं?"

रामलाल भर उन्हात, टोपीसकट, ताठ उभे होते. गाडीत डोकावून ते म्हणाले, "खेमराजभाऊ, तिकडं मोठे सायेब दिसले का? सकाळी गेले, वापस नाई आले. तवापासून उभाच हाओ. डब्बाबी नाई खाल्ला."

खेमराजने गाडी बंद केली. तो खाली उतरला, रामलालांचा हात हातात घेतला आणि सगळं सांगून टाकलं. रामलालांनी सोललेल्या काचा पाहिल्या, सीटखालचा आचारी पाहिला आणि धप्पकन खुर्चीत बसले.

"बारा वर्षांत एवढा कडक सलाम कोनाले नाई मारला," ते म्हणाले. "आता उद्या वांग्याची भाजी तरी कडक पायजे."

"पयली वाढी तुमाले!" सीटखालून आवाज आला.

दुसऱ्या दिवशी भाजी इतकी जमली की व्याह्यांनी आचाऱ्याचं गाव विचारलं. गुड्डू मात्र काचा पाहून तोंड फुगवून बसला होता. संध्याकाळी डिंपल गाडीत बसली, गाडी हलली. धुरपताबाई काचेला हात लावून दहा पावलं सोबत चालली, आणि वळणापर्यंत नातीचा रडका-हसरा चेहरा तिला दिसत राहिला.

"गुड्डू, तुझी फिल्म लय चांगली, बाबू," तिने डोळे पुसत म्हटलं. "अर्ध्या तासात निघाली."

गुड्डूने तिला आधार दिला. मांडवाच्या दारात रामलाल तिसऱ्यांदा भाजी घेऊन बसले होते. त्यांनी पत्रावळ बाजूला ठेवली, उठून उभे राहिले आणि गाडीला खाडकन सलाम ठोकला. या वेळी आत कोण बसलंय, ते त्यांना स्वच्छ दिसत होतं.