फडकं बघ, नारळ नको बघू

गफूरभाई मुकादम अमेरिकन फुटबॉल बघायचे आणि त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी त्यांची निंदा करत नाही. ते स्वतःच हे सांगायचे, आणि वर अभिमानाने सांगायचे. चेंडू कुठे आहे, कोण कुणाच्या उरावर बसलाय, कुणाचे किती झाले, यातल्या कशाशीच त्यांचं देणंघेणं नव्हतं. ते फक्त पंच बघायचे. पंचाने खिशातून फडकं काढून मैदानावर भिरकावलं, की गफूरभाई हातातला पितळी वायसर समोरच्या दोन रिकाम्या कॉफीच्या बरण्यांपैकी एकीत टाकायचे. "बग," म्हणायचे, "फडकं बग. नारळ नको बगू."

नारळ म्हणजे तो चेंडू. लांबोडका, तपकिरी, दोन्ही टोकांना निमुळता. गुहागरकडच्या माणसाला त्यात न सोललेला नारळ नाही दिसणार तर काय दिसणार?

हे सगळं चालायचं बहरीनमध्ये, मीना सलमान बंदरात, आमच्या जहाजदुरुस्ती कंपनीच्या स्टोअरमध्ये. गफूरभाई तिथले स्टोअरकीपर. स्टोअरमागच्या खोलीत कंपनीने एक टीव्ही आणि व्हिडिओ ठेवला होता, कामगारांना सुरक्षिततेच्या कॅसेट दाखवायला. त्या कॅसेट कुणी बघितल्याचं मला आठवत नाही. दुपारच्या सुट्टीत, बाहेर पत्रे तापून वाजत असताना, तिथे गफूरभाईंची मॅच लागायची. अमेरिकन कॅसेट आमच्या जुन्या व्हिडिओवर धड चालत नसे. चित्र काळंपांढरं यायचं आणि सारखं वर सरकायचं. फडकं खरं तर पिवळं असतं, हे गफूरभाईंनी नुसतं ऐकलं होतं.

या कॅसेट त्यांना एका अमेरिकन जहाजावरचा आचारी आणून द्यायचा. धिप्पाड माणूस, पण गरीब स्वभावाचा. त्याच्या गावात म्हणे वाडवडिलांपासून एक व्यावसायिक टीम होती. एके वर्षी दुसऱ्या शहराने नवंकोरं स्टेडियम बांधून दिलं आणि मालक टीम उचलून तिकडे घेऊन गेला. आचाऱ्याने हे स्टोअरच्या काउंटरवर कोपर टेकवून सांगितलं आणि सांगता सांगता रडला. गफूरभाईंना पहिल्यांदा विश्वासच बसेना. अख्खी टीम? खेळाडू, कपडे, शिट्टी, सगळं? आणि गाव तिथेच? आचारी म्हणाला, गाव तिथेच. आणि वर असंही म्हणाला, की नव्या शहरातले लोक नाराज होऊ नयेत म्हणून लीगवाले आता पंचांकरवी त्या टीमला जिंकवतात. सगळं ठरलेलं असतं.

झालं. त्या दिवसापासून गफूरभाईंना आयुष्याचा विषय मिळाला. स्टोअरमध्ये हातमोजे मागायला गेलेला माणूस अर्धा तास अडकायचा. त्यांची पद्धत अशी, की काहीही मागा, पहिलं उत्तर "मफी". नाही म्हणजे नाही. मग लीग कशी चोर आहे ते ऐकून घ्यायचं. मग हातमोजे निघायचे. मी एकदा घाईत होतो म्हणून नुसतीच मान डोलावली, तर त्यांनी मला डाव्या हाताचे दोन दिले.

पुरावा विचारायची सोय नव्हती. गाव बदललेली टीम जिंकली, तर बघितलंस? हरली, तर दाखवायला हरले, सारखं जिंकून कसं चालंल. सीझन संपल्यावर त्यांनी माझ्यादेखत दोन्ही बरण्या टेबलावर पालथ्या केल्या. एक बरणी त्या टीमच्या फायद्याच्या फडक्यांची, दुसरी तोट्याच्या. तोट्याचे वायसर चांगले मूठभर जास्त निघाले. मी म्हटलं, गफूरभाई, हे तर उलटंच झालं. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. म्हणाले, "एवडं उघड करतील काय ते, गायकवाडा?" आणि वायसर मोजून परत खोक्यात भरले, कारण वायसर कंपनीचे होते.

हा प्रामाणिकपणा त्यांचा दुसरा आजार. मीना सलमानच्या शेडमागे खारट, टणक मातीचं एक मैदान होतं. तिथे दर शुक्रवारी सकाळी आमच्या आवारातल्या टीमचे फुटबॉलचे सामने व्हायचे. वेल्डिंग शॉप, पेंट शॉप, स्टोअर, क्रेन, अशा टीम. हा आपला साधा, पायाने खेळायचा फुटबॉल. सहा वर्षं तिथे रेफरी एकच, गफूरभाई. कुणाच्या टीमचं पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. आपला थर्मास आपण आणायचे. एकदा सख्ख्या पुतण्याला त्यांनी मैदानाबाहेर काढलं आणि पुतण्याने पुढे तीन महिने सलाम केला नाही. सगळे त्यांना मानायचे, पण सामन्यानंतर चहाला कुणी बोलवायचं नाही. शनिवार ते गुरुवार हा माणूस "मफी, मफी" करत बसलेला असायचा. शुक्रवारी गळ्यात शिट्टी आली, की ताठ व्हायचा.

आता माझं सांगतो, कारण त्याशिवाय गफूरभाई पुरे होत नाहीत.

मी मुळात बहरीनचा नव्हे. कंपनीच्या सौदीतल्या दमामच्या शाखेत फिटर-सुपरवायझर होतो. सत्त्याण्णव साली ती शाखा बंद केली आणि आम्हा बारा जणांना बसमध्ये घालून समुद्रावरच्या कॉजवेवरून इकडे आणून टाकलं. इथे आमचं नाव पडलं दमामवाले. कॅम्पमध्ये आम्हाला शेवटची खोली, मेसमध्ये शेवटचं टेबल. कामावर कुणी वाईट वागत नव्हतं, पण कुणी वागतच नव्हतं. आमच्यातल्या प्रत्येकाने आपापल्या मनात ठरवलं होतं, की हे काही आपलं ठिकाण नाही. कंपनीने महिनाअखेरपर्यंत मुदत दिली होती, ज्याला घरी जायचं असेल त्याने अर्ज द्यावा. माझा अर्ज लिहून तयार होता. बॅग मी उघडलीच नव्हती. रोज वरच्यावर एक शर्ट काढायचो आणि धुऊन परत त्याच जागी ठेवायचो. कराडला परत जाऊन करणार काय होतो, ते मलाही माहीत नव्हतं. मुलगी चार महिन्यांची होती, तिला अजून बघितलं नव्हतं, आणि हात हलवत जाऊन तिच्या आईला काय सांगायचं? तिकडे तोंड दाखवायला जागा नाही आणि इथे बूड टेकायला नाही, अशी गत.

त्यात वर फुटबॉल. प्रत्येक गटाने टीम उतरवायची, हा तिथला रिवाजच. आम्ही बारा, अकरा लागतात, आणि बारावा दमेकरी. म्हणजे मला खेळण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी शाळेतही फक्त कपडे सांभाळायला बसायचो. आम्ही लागोपाठ चार सामने हरलो. पाचवा सामना होता स्टोअरच्या टीमशी, म्हणजे गफूरभाईंच्याच माणसांशी, त्यांच्याच खोलीत राहणाऱ्या. मुदत संपायला चार दिवस होते. आमच्यातल्या सात जणांचे अर्ज खिशात होते, हे मला ठाऊक होतं.

कसं काय कोण जाणे, शेवटापर्यंत शून्य-शून्य राहिलं. मग चेंडू कधी नव्हे तो माझ्या पायात आला. मी गोलच्या दिशेने धावलो. धावलो म्हणजे काय, पुढे पडत गेलो. आणि गोलसमोरच्या ऐन पेटीत माझ्या कॅनव्हासच्या बुटाचा तळवा उचकटला, त्यात दुसरा पाय अडकला आणि मी नाकावर आपटलो. जवळचा माणूस माझ्यापासून निदान दहा फुटांवर होता. तो तर कमरेवर हात ठेवून उभा होता.

शिट्टी वाजली.

मला वाटलं, सामना संपला. वर बघतो तर गफूरभाई माझ्यावर वाकलेले. हळू आवाजात, मराठीत, त्यांनी विचारलं, "लागलं काय रे?"

मी म्हटलं, "नाही हो. बूट फाटला."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाले, "लागलं असंल," आणि ताठ होऊन पेनल्टीच्या जागेकडे बोट दाखवलं.

मैदानावर जो गोंधळ झाला तो काय सांगू. स्टोअरचा गोलकीपर माझ्या बुटाचा तळवा उचलून घेऊन आला आणि गफूरभाईंच्या नाकासमोर धरून हलवायला लागला. गफूरभाईंनी तळव्याकडे बघितलंच नाही. पुतण्या कोकणीत काय काय बोलला ते मी इथे लिहीत नाही. खरं सांगायचं तर मी त्या वेळी उठून म्हणू शकलो असतो, की मला कुणी हात लावला नाही. मी उठलो नाही. गुडघा धरून बसलो. आमच्यातल्या केरळी मॅथ्यूने गोल मारला, आम्ही जिंकलो, आणि बारा माणसं, दमेकऱ्यासकट, त्या खारट मातीत गडाबडा लोळली. मी ओरडलो असेन. दुसऱ्या दिवशी घसा बसला होता.

त्या दुपारी आम्ही मेसमध्ये मधल्या टेबलावर बसलो. कुणी बसवलं नाही, आपणच जाऊन बसलो. पेंट शॉपवाल्यांनी सरकून जागा दिली आणि पेनल्टीवरून यथेच्छ शिव्या दिल्या. दोन महिन्यांत आमच्याशी कुणी एवढं बोललं नव्हतं. खोलीवर येऊन मी बॅग उघडली आणि सगळे शर्ट कपाटात लावले. सातांपैकी दोघे गेले, पाच राहिले. मी त्या पाचांत.

पुढच्या शुक्रवारी गफूरभाई आले, पण गळ्यात शिट्टी नव्हती. ती त्यांनी फोरमनच्या हातात ठेवली आणि गुडघे दुखतात असं सांगितलं. त्यांचे गुडघे माझ्यापेक्षा धड होते. कुणी आग्रह केला नाही. खोलीतल्या माणसांनी तर त्यांच्याशी बोलणंच टाकलं होतं. ताट वाढून ठेवायचे आणि पाठ फिरवायचे. गफूरभाई रेघेबाहेर एका उलट्या डब्यावर थर्मास घेऊन बसले. पुढे दर शुक्रवारी तिथेच बसायचे. मला ते बघवेना. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हे माझ्यामुळे झालं होतं.

एका दुपारी मी स्टोअरमध्ये गेलो. काही मागायचं नव्हतं, तरी सवयीने ते "मफी" म्हणाले. मागच्या खोलीत कॅसेट लागली होती. मी शेजारी बसलो आणि विचारलं, की गफूरभाई, तुम्ही सहा वर्षांत एक शिट्टी खोटी वाजवली नाहीत, मग तेव्हा का वाजवलीत?  ते टीव्हीवरच्या सरकत्या चित्राकडेच बघत बोलले.

नव्वद साली ते कुवेतमध्ये होते. लढाई सुरू झाली तेव्हा एक पिशवी घेऊन वाळवंटातून निघाले, कसेबसे घरी पोचले, आणि पुढच्या वर्षी कुवेतहून पळालेल्या आणखी काही जणांबरोबर या कंपनीत लागले. त्यांचीही टीम झाली होती. कुवेतवाले. पहिल्याच सामन्यात त्यांच्या एका नाखव्याला खरोखर पाडलं, चांगलं पायात पाय घालून. शिट्टी वाजली नाही. ते हरले, पुढचेही हरले, आणि वर्षभरात एक एक करून सगळे गेले. गफूरभाई एकटे राहिले. घरी बायको नव्हती, ती आधीच वारली होती, जायचं कुणाकडे? दुसऱ्या वर्षी त्यांनी शिट्टी मागून घेतली.

मी म्हटलं, "त्या रेफरीला दिसलं नसेल."

"नाय दिसलं," गफूरभाई म्हणाले. "मग दिसलं असं म्हणायचं होतं त्यानं. काय गेलं असतं त्याचं?"

 त्याचं काय जातं, ते समोरच बसलेलं होतं. मी त्यांच्या थर्मासमधला चहा झाकणात ओतून घेतला. त्यांनी नको म्हटलं नाही. इतके दिवस त्यांच्या लीगच्या तक्रारीला मी हसत आलो होतो, आणि ती तक्रार नसून गाव बदललेल्या टीमचा हेवा होता, हे माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं.

टीव्हीवर काहीतरी झालं. माणसांचा ढीग पडला आणि पट्ट्यांच्या शर्टातल्या एका पंचाने फडकं टाकलं. गाव बदललेल्या टीमच्या बाजूने. गफूरभाईंच्या बोटांत वायसर तयार होता आणि हात बरणीवर गेलाही. मी आवाजाची वाट बघत होतो.

"दे बाबा," ते त्या पंचाला म्हणाले. "दे त्येंना. नवीन हायत."

आणि वायसर परत खोक्यात टाकला.