परबकाकांचा पंचनामा

हवामान खात्याने वादळाला नाव दिले, की माझे शेजारी परबकाका बुटांना पॉलिश करतात. इंग्लंडमधल्या आमच्या मिल्टन कीन्स शहरातले इतर रहिवासी अशा वेळी बागेतल्या खुर्च्या आत घेतात. काका मात्र वादळ ओसरण्याची वाट पाहतात, कारण त्यांचे काम त्यानंतर सुरू होते.

काका कोकणातले निवृत्त तलाठी; आता लेकीकडे राहतात. वादळानंतर घरोघर जाऊन पंचनामे करण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली आणि ती सवय त्यांनी सामानाबरोबर इथे आणली. कुंपणाची फळी पडली, तरी काका दारात हजर. "पंचनामा झाल्याशिवाय हात लावायचा नाही." पंच म्हणून सही करायला मी आणि समोरचा ग्रॅहम. काकांचे रकाने अजून गावचेच: कौले, गुरे, होड्या. ग्रॅहमचे ट्रॅम्पोलिन उडून रेडवेवर, म्हणजे इथल्या सायकलवाटेवर, जाऊन पडले, तेव्हा ते कशात धरावे हा पेच पडला. बराच विचार करून काकांनी ते होड्यांत घातले.

वादळी नुकसानीची गणिती प्रारूपे बांधणे हा माझा व्यवसाय. इथे सरकारी मदत येत नाही, लोक विमा काढतात, हे मी त्यांना सप्रमाण समजावले. ते म्हणाले, "मदतीचं सरकार बघेल गो. आपण आधी विचारायला जायचं."

गावी चक्रीवादळात त्यांच्याच घराचे छप्पर गेले, तेव्हा ते आणि काकू इथे होते. नव्या तलाठ्याने शेरा मारला: बंद घर. बंद घराला मदत नाही. काकू चिडल्या, काका मात्र म्हणाले, की मीही तेच लिहिले असते.

काकू गेल्या वर्षी वारल्या. यंदाच्या वादळाने बागेतली त्यांची काचेची खोपी मोडली. त्यात त्या अळू लावत आणि दुपारभर स्टुलावर बसून गावाकडे फोन करत. काचा तशाच पडून राहिल्या. काका कुणाला हात लावू देईनात. शनिवारी सफाईवाला येणार होता; तोवर बाबांना समजव, असे लेकीने मला विनवले.

मी हातमोजे घेऊन गेले. काका पायरीवर बसले होते, पायांत पॉलिश केलेले बूट.

"काका, पंचनामा का नाही केलात?"

"स्वतःच्या घराचा स्वतः करता येत नाही."

नियम बिनतोड होता. मी ग्रॅहमला बोलावले आणि कागद घेऊन बसले. काका सांगत गेले, मी लिहीत गेले: काचा, कुंड्या, अळू, स्टूल. ग्रॅहमने नेहमीसारखी न वाचता सही केली.

"शेरा?" मी विचारले.

काकांनी खोपीकडे बोट दाखवले.

"लिही," ते म्हणाले, "घर राहतं होतं."

मी लिहिले. त्यांनी ते वाचून पाहिले, मग हातमोजे मागून घेतले आणि पहिली काच उचलली.