टेकाळ्यांचे कन्येने माडीवरील खोली सर केली त्याची हकिकत

श्री. ज्या गजाननास गाभारा फुकट आहे आणि ज्याकडे अनामत रक्कम कोणी मागत नाही, त्यास साष्टांग नमन करून लिहिणार लिहितो ऐसे जे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरी, आषाढमासी, दूर पूर्वेकडील मुलखातून टेकाळे घराण्यातील कन्या ऋजुताबाई, इतिहासात एम.ए. करावे ऐसा मनसुबा धरून, विद्यानगरीवर चालून आल्या. समागमे तीर्थरूप बापूराव, गावचे शाळेवर मराठीचे मास्तर, आणि दोन बॅगा, एक गादी व लोणच्याची बरणी ऐसा सरंजाम होता. वसतिगृह आधीच भरोन गेले होते. तेव्हा एका स्नेह्याचे ओसरीवर मुक्काम करून बापूरावांनी साफ सांगितले की, "अवसेपर्यंत जागा नाही गावली तर माघारी चलायचं. गावाकडं बी.एड. कर." बाईंनी मान डोलाविली, परंतु मनी माघारी न जाण्याचे ठरविले, कारण थोरली बहीण ऐसीच माघारी गेली होती आणि ती पुन्हा कधी आली नाही.

मग मोहीम सुरू जाहली. पहिले किल्लेदार बोलिले की, मुलींची जबाबदारी नको. दुसरे बोलिले, मुलगी चालेल, आडनाव काय, आणि आडनाव ऐकताच खोली कालच गेली ऐसे त्यांस आठवले. तिसरे ठिकाणी खोली म्हणजे जिन्याखालील कोनाडा, तेथे बाई उभ्या राहिल्या तो कपाळ आपटले. मग बापूरावांनी मसलत खासा हाती घेतली. स्नेह्याने खांबेटे यांचा नंबर दिला होता आणि त्यांचे माडीवर खोली रिकामी होती. बापूरावांस शुद्ध मराठीची खोड फार. 'रूम' म्हणणे भाषेस बट्टा आणि 'खोली' म्हणणे ओकेबोके वाटले, सबब फोनवर बोलिले, "मुलीसाठी स्थळ बघायलोय. आपल्याकडं आहे असं कळलं. मुलगी शांत आहे, शाकाहारी आहे, दिवेलागणीच्या आत घरी येते." पलीकडे सुमतीबाई खांबेटे होत्या आणि त्यांचे पुत्र आल्हादपंत बरीच वर्षे लग्नाचे राहिले होते. त्या बोलिल्या, "अगंबाई, उद्याच या की!" या राज्यात सुनेचे गुण आणि भाडेकरणीचे गुण एकच असल्याकारणे कोणास संशय आला नाही.

दुसरे दिवशी स्वारी दाखल जाहली तो दारी रांगोळी आणि आत पोहे. बापूराव मनी म्हणाले, या शहरचे घरमालकांस उगाच नावे ठेविली. सुमतीबाईंनी सारे घर फिरविले, माडीवरील हवेशीर खोली दाखविली आणि कपाट उघडून बोलिल्या, "हे सगळं तुझंच समज हो. आणि आडनाव-बिडनाव आम्ही नाही बघत हल्ली." ऋजुताबाई हरखून गेल्या. मग आल्हादपंत इस्त्रीचा सदरा घालोन आले आणि घसा खाकरून पुसते जाहले, "तुम्हाला ट्रेकिंग आवडतं का?" बाईंस वाटले मालकांची अट असेल, म्हणाल्या, "नाही, पण जिना चढता येतो." तेव्हा बापूराव संतोषाने बोलिले, "आम्हाला पसंत आहे. अकरा महिन्यांचा करार करू. पटलं तर पुढं वाढवू."

सुमतीबाई म्हणाल्या, "अहो, लग्न अकरा महिन्यांचं?" बापूराव म्हणाले, "कुणाचं लग्न?" मग उलगडा जाहला आणि आल्हादपंत कानापर्यंत लाल होऊन पोह्यांकडे पाहत बसले. सुमतीबाईंचा चेहरा उतरला. बोलिल्या, "खोली होय! ती नाही हो देत एकट्या मुलीला. उद्या काही झालं म्हणजे?" बापूराव उठले. "चल बाई. उद्या अवस आहे." परंतु बाई उठल्या नाहीत. बसल्या जागीच बोलिल्या, "काकू, आत्ता तर मला जन्मभर ठेवून घ्यायला निघाला होतात. मग दोन वर्षं ठेवल्यानं काय बिघडायलंय? मी तर तीच आहे की."

आल्हादपंत "आई, खरं आहे तिचं" म्हणाले, त्यांस मातुश्रींनी डोळ्यांनीच बसविले. मग सुमतीबाईंनी पुसिले, "स्वयंपाक कुणाचा करशील?" "माझा." "भांडी?" "माझी." "आणि दाराला आतून कडी लावून बसशील?" बाई घाबरल्या, परंतु खरे तेच बोलिल्या, "लावीन. अभ्यास करायचाय." तेव्हा सुमतीबाई आत गेल्या आणि किल्ली आणोन बाईंचे हाती घातली, आणि बोलिल्या, "लाव. सून होऊन आले तेव्हापासून मला या घरात कडी लावून बसायला एक खोली मिळाली नाही. तू तरी लाव."

येणेप्रमाणे माडी फत्ते जाहली आणि बापूराव संध्याकाळचे एसटीने एकटेच माघारी गेले. सांप्रत सर्व क्षेम आहे. ऋजुताबाई कॉलेजास जाताना आपखुषीने किल्ली सुमतीबाईंपाशी ठेवितात, आणि सुमतीबाई दुपारी माडीवर जाऊन आतून कडी लावून बसतात. काय करितात ते लिहिणारास ठाऊक नाही. आल्हादपंत चहासाठी दार वाजवितात. त्या उघडीत नाहीत.