तात्यांपुढे धरलेला मोडी कागद

तात्यांना वाचता येत होते. गावात हे मला एकट्यालाच ठाऊक होते, आणि तरीही भर चावडीत मी त्यांना निरक्षर ठरू दिले. ही गोष्ट मी तीन वर्षे मनात दडवून ठेवली.

मल्हारीतात्या म्हणजे बारामती तालुक्यातल्या आमच्या लहानशा गावचे धनगर. मेंढरे कमी करून ते शेतीला लागले, पण लोकर कातायची चाती काही हातातून सुटली नाही. कोणी तंटा घेऊन आले की तात्या त्याच्याकडे पाठ करून बसत, सूत काढत आणि ऐकत. ऐन रंगात सूत तुटे. मग ते शांतपणे म्हणत, "दोरा तुटला गा. पयल्यापासून सांग."

एकदा लोणी भापकरचे एक गृहस्थ आले. शेजाऱ्याच्या एडक्याने त्यांचा माठ फोडला होता. पहिल्या सांगण्यात माठात पाणी होते. दोरा तुटल्यावर त्याचे ताक झाले. पुन्हा तुटल्यावर तूप. तात्या मागे न वळताच म्हणाले, "आणिक एकदा तुटला तर सोनं निघंल. नवा माठ मागून घे अन् घरी जा."

सूत इतके वेळेवर कसे तुटते, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी अंगठ्याचे मुद्दाम वाढवलेले नख दाखवले.

न्याय करणारा कसा असावा, याविषयी त्यांचे मत ठाम होते. "ज्याची सून त्याच्याम्होरं मोकळी बोलती, त्यो. ज्याला घरात ऐकून घ्यायची सवय न्हाय, त्यो चावडीत काय ऐकणार?" या कसोटीला निम्मे गाव बाद होत असे.

पुढे लहान दावे गावातच मिटावेत म्हणून न्यायपंच निवडायचे ठरले. पंचाला वाचता आले पाहिजे, असे आम्हांस सांगण्यात आले. साठी उलटलेले तात्या घोंगडीखाली पाटी लपवून रोज दुपारी माझ्याकडे येऊ लागले. कागद काय बोलतो ते कळल्याशिवाय त्याखाली अंगठा उठवायचा नाही, असे त्यांच्या मनाने घेतले होते. चार महिन्यांत ते बाळबोध अक्षरांतले छापील पुस्तक बोट ठेवून वाचू लागले.

त्याच जागेसाठी मीही उभा होतो. शाळेतल्या मास्तरकीतून नुकताच पेन्शनीत निघालो होतो, आणि गावाने आपल्याला विसरू नये अशी हाव होती. मत हात वर करून द्यायचे होते. हात तात्यांसाठीच वर होणार, हे उघड होते. निवडणुकीच्या दिवशी बारामतीहून आलेल्या कारकुनाने उमेदवारांना वाचायला देण्यासाठी काहीतरी मागितले. मी तत्परतेने खिशातला कागद दिला. तो कचेरीतल्या मोडीत होता, आदल्या दिवशी मीच लिहिलेला. मोडी मी तात्यांना शिकवली नव्हती.

तात्यांनी कागद बराच वेळ पाहिला. मग माझ्याकडे पाहिले, आणि घडी घालून तो परत केला. "हे आपल्याला न्हाय येत."

चावडी हसली. मी पंच झालो.

पहिल्याच दाव्यात मी पुस्तकी घाईने निकाल दिला, आणि तो चुकला. दुसऱ्या दिवशी तात्या आपण होऊन घरी आले. टोमणा नाही, टोचणी नाही; दोन्ही बाजूंना पुन्हा बोलवा आणि दोनदा ऐका, एवढेच सांगून गेले. त्यानंतर प्रत्येक सुनावणीला ते भिंतीकडे तोंड करून मागे बसत. माझ्या नावावर जे चार बरे निवाडे आहेत, ते त्या पाठमोऱ्या माणसाचे आहेत. त्यांचे उपकार मी कसे सांगू?

यंदा पुन्हा निवडणूक आली. आदल्या दिवशी मी त्यांच्या वस्तीवर जाऊन सारे कबूल केले.

"ठावं हाय," ते म्हणाले.

मग त्या वेळी बोलला का नाहीत, असे मी विचारले.

"कारभारीण गेल्यापासून दुपारी माझ्याशी बोलायला कुणी न्हवतं, मास्तर. तुमी बोललात. अक्षरं दिलीत. चार माणसांत तुमची मान खाली घालायची व्हय?"

दुसऱ्या दिवशी चावडी भरली. कारकुनाने नावे पुकारण्याआधी मी उभा राहिलो. मोडी कागदाची हकिकत मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितली. कोणी हसले नाही. मग मी तात्यांकडे वळून हात जोडले.

"तात्या, ही जागा तुमची होती. ती मी कपटाने घेतली. मला क्षमा करा."