चिंचखांबचं एम.ए.

चिंचखांब या गावाला यंदा विद्यापीठात सार्वजनिक धोरण या विषयाच्या एम.ए.ला प्रवेश मिळाला. अर्ज एकच होता, म्हणून प्रवेशही एकच. विभागप्रमुख डॉ. गुळवणींनी पहिल्या तासाला नाव पुकारलं, तेव्हा मागच्या बाकांपासून व्हरांड्यापर्यंत आणि तिथून थेट सायकलस्टँडपर्यंत बसलेलं अख्खं गाव एका सुरात "हजर" म्हणालं. सरांनी खूण केली आणि पुढचं नाव घेतलं. ग्रामदैवत तेवढं मागे राहिलं होतं. गाव अगदीच रिकामं ठेवून चालत नाही.

शर्वाणी इंगवलेला यात वावगं काही वाटलं नाही. तिची अडचण निराळी होती. ती बी.ए.ला पहिली आली होती, ती एकटीनं अभ्यास करून. दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी प्यायची तिला सवय नव्हती. आणि हजेरीपटावर तिच्या लगेच खाली नाव होतं चिंचखांब, त्यामुळे सत्राच्या प्रकल्पाला जोडीदार म्हणून तिच्या वाट्याला गाव आलं. गुण दोघांना सारखे.

गाव विद्यार्थी म्हणून हौशी होतं. सामाजिक कराराचा तास झाला, त्या दिवशी ते उठायलाच तयार होईना.

"सर, त्या करारावर आमच्या वतीनं सही कुणी केली?" गावानं विचारलं.

"पुढच्या तासाला बघू," सर म्हणाले. परतीच्या दोन्ही एस.टी.त गाव त्यावर भांडत गेलं आणि सकाळी आणखी चार प्रश्न घेऊन आलं. शर्वाणीला हेवा वाटला. तिला इतकी वर्षं फक्त उत्तरं सुचत होती.

प्रकल्पाचा विषय ठरला: कमी पटाच्या शाळा मोठ्या शाळेत विलीन कराव्यात का. चिंचखांबच्या शाळेत मास्तर एक आणि वर्ग चार. विषय ठरला आणि गाव मधोमध फुटलं.

"पोरं बाजारगावच्या शाळेला गेली की आपलं गाव दिवसभर मुकं होणार," तुळशीरामअण्णा म्हणाले. शाळेच्या भिंती त्यांनी तरुणपणी श्रमदानानं उभारल्या होत्या.

"आणि राहिली तर पोरं मुकी होतात त्याचं काय?" सरपंच कौसल्याताई उसळल्या. "माझी नात एकाच मास्तराचा आवाज ऐकते, तोही निम्मा दिवस. उरलेला निम्मा दिवस मास्तर खिचडीपाशी. बाजारगावात प्रयोगशाळा आहे, अण्णा. बेडूक बाटलीत ठेवलाय!"

"बेडूक आपल्या ओढ्यातही आहे."

अण्णांचं अर्धं गाव खिडकीकडच्या बाकांवर जाऊन बसलं, ताईंचं अर्धं दाराकडच्या. हे कार्यालयात कळलं आणि तिथल्या भोंडवेबाईंनी शर्वाणीला बोलावून घेतलं.

"तुमचा जोडीदार दोन झाला असं ऐकते. दोन विद्यार्थी म्हणजे दोन जागा लागतात. आमच्याकडे एक आहे. एकाचा प्रवेश रद्द होईल."

"कोणाचा?"

"नियमात 'उरलेल्याचा' असं म्हटलंय."

शर्वाणी ग्रंथालयात जाऊन बसली. समोर जुन्या प्रश्नपत्रिका होत्या. वाचता वाचता ती ताडकन उठली आणि जिना दोन दोन पायऱ्यांनी उतरत सरांच्या खोलीत शिरली. धाप लागलेली, चेहरा लाल.

"सर, प्रश्नपत्रिकेत तुम्हीच लिहिता ना, 'दोन्ही बाजूंची चर्चा करा'? मग गाव फुटलेलं नाहीये. गाव उत्तर लिहितंय!"

डॉ. गुळवणींनी चष्मा काढून पुसला. "मुद्दा ग्राह्य आहे," ते म्हणाले. "पण चर्चेनंतर शिफारस लागते. ती एकच."

सादरीकरणाच्या दिवशी व्हरांड्यात उभं राहायला जागा नव्हती. कौसल्याताई बोलल्या, अण्णा बोलले. ज्या बायका कधी कुणासमोर बोलल्या नव्हत्या, त्या मध्येच उठून दोघांनाही खोडून काढू लागल्या. टाळ्या कुणासाठी पडताहेत ते कळेनासं झालं. अखेर सरांनी शिफारस विचारली. हात वर झाले, मोजले गेले. समसमान.

"ताई, निर्णायक मत सरपंचाचं," कुणीतरी ओरडलं.

"ते ग्रामसभेत," कौसल्याताई म्हणाल्या. "हा प्रकल्प आहे. आणि प्रकल्पात जोडीदार ही आहे."

सगळं गाव शर्वाणीकडे वळलं.

तिच्या कागदावर शिफारस कधीचीच टाइप केलेली होती: विलीन करा. आकडे होते, तळटिपा होत्या. पण कौसल्याताईंनी गाडीवाल्याला सांगूनही ठेवलं होतं, मत पडलं की सोमवारपासून पोरांसाठी बस. शर्वाणीची आजवरची उत्तरं तपासनिसाच्या कपाटात जाऊन पडली होती. हे उत्तर सोमवारी देवळासमोर येऊन हॉर्न वाजवणार होतं.

"अण्णा, तुमचं म्हणणं खोटं नाही," ती म्हणाली.

"मग?"

"तरीही," ती म्हणाली आणि तिनं बसच्या बाजूनं हात वर केला.

दाराकडच्या बाकांवरून जल्लोष उठला. खिडकीकडे अण्णा सावकाश उभे राहिले. "त्या रस्त्याला खड्डे आहेत, पोरी. ते तुझ्या कागदात आहेत का?"

"नाहीत."

अण्णांनी मान डोलावली आणि खाली बसले. सरांनी शिफारस नोंदवून घेतली.

सोमवारी शर्वाणी पहिल्या एस.टी.नं चिंचखांबला गेली. बस आली होती. तेल लावून चापूनचोपून भांग पाडलेली पोरं खिडक्यांसाठी भांडत चढत होती, आया खालून डबे वर देत होत्या. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर अण्णा बसले होते, धुतलेलं धोतर नेसून.

"तुम्ही?"

"पुढच्या सत्राला धोरणाचं मूल्यमापन आहे म्हणतात सर," अण्णा सरकून जागा करत म्हणाले. "म्हटलं, आत्तापासून लागावं. बस."

ती बसली. गावानं खालून हात हलवले. गाडी वेशीबाहेर पडली, वळली आणि दाणकन आदळली. दोघंही सीटवरून वीतभर उडाले, मागे पोरांनी आनंदानं एकच कल्ला केला.

"एक," अण्णा म्हणाले.