जोर भागिले वजन

"ओ मास्तर! माज्या पोरानं काटा वाकवला, आन् तो नववा? ती काडी पयली?"

हिराबाई मासळीची रिकामी टोपली कमरेवर घेऊन आमच्या थळच्या शाळेत ओरडत होत्या. मांडव्याला धक्क्याला लागत आलेली बोट तो आवाज ऐकून मुंबईला परत फिरली म्हणतात. कदम सर वहीतून मान वर न काढता म्हणाले, "आधी भागा, मग भांडा."

कदम सर आमचे खेळाचे शिक्षक. पोराला टेबलावर बसवायचं, घोट्याला पट्टा, पट्ट्याला ताणकाटा, काटा मागे खिडकीच्या गजाला. मग म्हणायचं, झाड पाय! येईल तो आकडा नडगीच्या लांबीनं गुणायचा आणि वजनानं भागायचा. "मोठ्या देहात मोठा जोर असायचाच. त्यात त्याची कमाई काय?"

टेबल सरकू नये म्हणून ते धरून ठेवायचं काम माझं. मी मराठी शिकवतो. अकरा वर्षं टेबल धरून माझी उंची दोन इंच कमी झालीय. आता तक्रारही करवत नाही.

यंदा तालुक्याला लांब उडीसाठी एकच जागा होती. हिराबाईंचा जयेश म्हणजे छोटी होडी. पहिली आलेली सकिना अशी, की वारा सुटला की तिला पाठीवरचं दप्तर काढू देत नाहीत, न जाणो अलिबागला सापडायची.

"म्हयनाभर बोंबील चारलं त्याला, जोर यावा म्हून. तुमी त्यानंच भागलंत?"

"हो. बोंबील वजनात गेले."

"सोताचं पोर असतं तर भागलं असतंत?"

सरांनी वहीचं शेवटचं पान पुढे केलं. वर लिहिलं होतं : मुक्ता, वय नऊ. सरांची मुलगी. बायको तिला घेऊन मुंबईला गेली त्याला चार वर्षं झाली, सर त्याविषयी कधी बोलले नव्हते. दर महिन्याचं वजन होतं, नडगी होती. जोराचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा.

"फोनवर विचारतो," सर म्हणाले. "नडगी तीच मोजते, पट्टीनं."

हिराबाईंनी टोपली खाली ठेवली.

"म्हंजे सोताच्या पोरीलाबी भागनार तुमी. मंग ऱ्हाऊंदे. सकिनालाच न्या." पानावर बोट ठेवून त्यांनी हळूच विचारलं, "आन् हिचा जोर?"

"तो मोजायला तिला इथं यावं लागेल."